उद्यापासून

व्यायामाच्या संकल्पाचं वाक्य मराठीत एकाच साच्यातून निघतं: "उद्यापासून फिरायला जायचं." नुसतं "उद्या फिरायला जायचं" असं फारसं कुणी म्हणत नाही. सगळी गोम त्या 'पासून'मध्ये आहे. उद्या जायचं तर अर्ध्या तासाचं काम, पण 'पासून' चिकटलं की जन्मभराचा करार. आणि करार म्हटल्यावर मुहूर्त नको?

मुहूर्तांना साताऱ्यात तोटा नाही. एक जानेवारीला थंडी, म्हणून संक्रांतीनंतर. संक्रांत झाली की गुढीपाडवा, कारण आपलं खरं नवं वर्ष तेच. पाडव्यापर्यंत ऊन तापतं. जूनमध्ये पाऊस लागला की छत्री मिटत नाही. गणपतीत पाहुणे, पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही. दसरा उत्तम, पण पुढे वीसेक दिवसांवर दिवाळी, आणि डब्यात चकली असताना कुणी संकल्प सोडतो का? दिवाळीमागून लगीनसराई. साडेतीन मुहूर्त कोरडे जातात.

या काळात खरेदी मात्र वेळेवर होते. बूट येतात. घ्यायचेच तर संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. ज्या मोज्यांवर घालायचे तेच मोजे घेऊन जावं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नख काळं पडतं. हे सगळं पाहून घेतलेला बूट पातळ कागदासकट, सिलिका जेलच्या पुडीसकट कपाटावर जातो. तिथे तो सुरक्षित असतो असं वाटतं, ते चूक. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत, पायात न घालताही, आतून विरत जातो. सगळ्या बुटांचा सोल तसा नसतो. पण ज्यांचा असतो, ते काही पावसाळे कपाटात काढून एकदाचे बाहेर पडले की साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत पोचायच्या आत टाच मागे राहते.

समजा, सोमवार उजाडला आणि माणूस खरोखर निघाला. साताऱ्यात निघालेला माणूस सहसा अजिंक्यताऱ्याकडेच बघतो. गोडोलीकडून डांबरी रस्ता थेट गडाच्या दरवाजापर्यंत जातो, त्यामुळे 'आलोच आहोत तर वर जाऊ' हा मोह पहिल्याच दिवशी होतो. भीती सगळ्यांना चढाची. चढाला दम लागतो, पण दरवाजात पाच मिनिटं बसलं की तो ओसरतो. खरी खोडी उतार करतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं ओझं पेलत पेलत ताणला जातो, ब्रेक लावल्यासारखा. या कामाची सवय नसलेल्या स्नायूला बारीक इजा होते आणि तिचं दुखणं उशिरा, २४ ते ७२ तासांत, भरात येतं. म्हणून मंगळवारी नुसतं अवघडल्यासारखं वाटतं आणि बुधवारी माणूस कठडा धरून जिना आडवा उतरतो. भारतीय बैठकीच्या संडासातून उठण्याचं वर्णन न केलेलं बरं.

बुधवारी मोडलेला संकल्प पुढच्या सोमवारवर जातो, मग पुढच्या महिन्यावर. खरं तर एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याच मांड्यांना बराच कमी त्रास देतो. म्हणजे किंमत मोजून झाली, माल तेवढा दुकानात राहिला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं चढावं आणि परत फिरावं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. यात पराक्रम काही नाही, आणि बहुधा म्हणूनच हे कुणाला पटत नाही.

पराक्रमाची उदाहरणं या जिल्ह्यात जरा जास्तच आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. शिवाय यवतेश्वरचा घाट चढून उतरायची २१ किलोमीटरची हिल मॅरेथॉन २०१२पासून दारातच आहे. प्रेरणा मुबलक असली की संकल्प फुगतो, आणि फुगलेला संकल्प दारातून बाहेर पडत नाही.

२१ दिवसांत सवय लागते, हा आणखी एक लोकप्रिय आकडा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक अंदाज १८पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली कामाची गोष्ट निराळीच आहे: एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. 'पासून'वाल्याला मात्र एक दिवस चुकला की करारच मोडल्यासारखा वाटतो, आणि तो पंचांग उघडतो.

याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते रुजवले. सूर्यनमस्कारांना ना बूट लागतात ना गड. एका सतरंजीची जागा पुरते. फक्त गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, तेव्हा खाली रबरी जाळी घालावी किंवा सरळ फरशीवरच हात टेकावेत. पोट रिकामं हवं. पहिल्या दिवशी बारा घातले की मनगटं धरतात, कारण सगळा भार तळहाताच्या मुळाशी येतो. बोटं पसरून जमिनीत दाबली की तो वाटला जातो. आडव्या स्थितीत कंबर झोळीसारखी खाली गेली तर दुसऱ्या दिवशी पाठ बोलते. तिथे गुडघे टेकवावेत, कुणी गुण कापत नाही. आठवडाभर तीनच.

आणि वेळ? 'सकाळी सहा' ही वेळ टिकत नाही, गजराचं तोंड बंद करता येतं. नळाचं तसं करता येत नाही. पाणी आलं की उठावंच लागतं, आणि नळाखाली बादली लावून तिच्याकडे बघत उभं राहण्यात रोज चार मिनिटं जातातच. तेवढ्यात सावकाश तीन नमस्कार होतात. चौथा घालावा की नाही याचा विचार करेपर्यंत बादली वाहायला लागलेली असते.