एका अ‍ॅडॉप्टरवर पाच पेडलं

बेस गिटारचा आवाज बदलणारी माझी पाच पेडलं, त्यांना वीज द्यायची होती. सुरुवातच फजितीने झाली. जुन्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर घरात पडून होता. ९ व्होल्टचा, पिनही कंप्रेसरमध्ये (सूर एका पातळीत ठेवणारं पेडल) चपखल बसली. पेडल मात्र मेलं. राउटरच्या पिनमध्ये आतल्या बाजूला प्लस होता, बहुतेक पेडलांना आत मायनस लागतो. अ‍ॅडॉप्टरवर तशी खूण छापलेली असते, बघतो कोण! नशिबाने आतल्या संरक्षक डायोडनेच जीव दिला होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून चहापेक्षा स्वस्तात नवा आणला, डाग दिला, पेडल उठलं.

मग शहाण्यासारखा योग्य पिनचा दणकट अ‍ॅडॉप्टर घेतला आणि एका वायरला पाच पिना असलेली डेझी चेन. ट्यूनर, कंप्रेसर, सप्तक बदलणारा ऑक्टेव्हर, आवाज वाढवून फाडणारा ओव्हरड्राइव्ह, प्रतिध्वनी देणारा डिजिटल डिले. घरी हेडफोनवर सगळं छान. प्रॅक्टिसला मोठ्या अँपवर वर बारीक शिट्टी आणि खाली घुंईऽऽ. ड्रमर म्हणाला, "आधी तुझा तंबोरा बंद कर."

तंबोरा निदान सुरात तरी असतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बेसच्या जाड तारेवरच्या तिसऱ्या पडद्याचा जी (G) सूर ४९ हर्ट्झचा. लांब जी धरला की घुंई त्याच्याशी भांडायची, सेकंदाला एक अशी लाट यायची.

मी एकेक पेडल काढत गेलो. डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिला आणि शिट्टी गेली. त्याच्या चिपचा कचरा सामायिक वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरत होता आणि तो इमाने इतबारे वाढवून देत होता. घुंई तशीच. ती डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारा डबा) मिक्सरला गेलेली केबल उपटल्यावर थांबली: अँप आणि मिक्सर दोन्हींकडून अर्थ जोडली जाऊन वेटोळं झालेलं. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे तिथली अर्थ तोडणारं बटण, दाबला, संपलं. कुणीतरी अँपच्या थ्री-पिनची अर्थच काढून टाकायला सांगितली होती. तारांवर बोटं माझी असतात, सल्लागाराची नाही.

शेवटी आयसोलेटेड सप्लाय घेतला, म्हणजे ज्याची आउटपुटं आतून एकमेकांना जोडलेली नसतात. डब्यावर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवला नाही. काहीही न जोडता दोन आउटपुटच्या मायनसना मल्टिमीटर लावला, बीप आला नाही, मगच पैसे दिले. तरी पहिल्या दिवशी डिले उघडझाप करत बसला. त्याला ३०० मिलीअँपिअर लागतात, मी १०० च्या भोकात घातला होता. एकूण बेरीज पुरते म्हणून भागत नाही, प्रत्येक भोकाचा हिशोब वेगळा. ५०० वाल्यात हलवला.

पुढे एक जर्मेनियम फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) आला, तो प्लस ग्राउंडचा: इतरांचा मायनस ग्राउंडला असतो, याचा प्लस. डेझी चेनवर इतरांबरोबर लावला असता तर शॉर्टच झाला असता. नव्या सप्लायवर उलट्या पिनेची वायर लावून चालेल, पण बॅटरीवर तो मला जास्त आवडतो. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढावी लागते, नाहीतर रात्रभर बॅटरी पीत बसतो. या महिन्यात दोनदा विसरलोय.