तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी तत्त्वज्ञानच का?

लग्नाच्या पंगतीत काय, रेल्वेच्या डब्यात काय, प्रश्न तोच: "आपल्याकडे उपनिषदं असताना तुम्ही हे चिनी काय घेऊन बसलात? आज त्याचा उपयोग काय?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता सांगतोच.

उपयोगाचं चिन्यांनाच विचारा. १९६६ साली बीजिंगहून आलेल्या रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या पोरांनी, छ्यूफू या कन्फ्यूशियसच्या गावी त्याच्या कबरीवरची शिळा फोडली. त्याच देशात १ जुलै २०१३ पासून कन्फ्यूशियसलाच शोभेल असा कायदा आहे, की वेगळं राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना वरचेवर भेटायला जावं.

पण हे वादात फेकायचं उत्तर झालं. खरं कारण सांगण्यात माझी शोभा नाही.

२०१४ मध्ये वडील गेले. तेव्हा मी च्वांगत्झच्या, म्हणजे रीतिरिवाजांना हसणाऱ्या जुन्या ताओवादी तत्त्वज्ञाच्या, प्रेमात होतो. कन्फ्यूशियस म्हणजे नुसतं सरंजामी सोवळं वाटे. बायको गेल्यावर च्वांगत्झ पाय पसरून भांडं बडवत गात बसला होता, ही गोष्ट मला तोंडपाठ. चौथ्या दिवशी मी बॅग भरली. ताई म्हणाली, "दहावा कोण करणार?" शेजारून आलेला पिठलं-भात पुढ्यात होता. तो जेवता जेवता मी तिला भांड्याची गोष्ट ऐकवली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला बरं वाटेल ना? मग जा."

"वाटेल," मी म्हटलं आणि संध्याकाळची गाडी पकडली.

पिंड चुलतभावानं ठेवले. दोन तास कावळा शिवला नाही. हे ताईनं आजवर सांगितलेलं नाही, त्यानं सांगितलं.

दोनेक वर्षांनी 'लुन यू'चा, म्हणजे कन्फ्यूशियसच्या संवादांच्या संग्रहाचा, सतरावा भाग वाचत होतो. त्याचा शिष्य त्साय वो म्हणतो, आईबापांचं तीन वर्षं सुतक फार झालं, वर्ष पुरे. कन्फ्यूशियस विचारतो, मग भात खाशील, भरजरी नेसशील, बरं वाटेल तुला? (तिकडे उत्तरेत तेव्हा भात म्हणजे चैन.) तो म्हणतो, वाटेल. "बरं वाटत असेल तर कर."

पुस्तक मिटलं आणि च्वांगत्झ काढला. त्याच गोष्टीत तो म्हणतो, ती गेली तेव्हा मला काहीच वाटलं नसेल, असं कसं होईल? हे वाक्य मला ठाऊक होतं. ताईला सांगताना गाळलं होतं.

म्हणजे आता मी कन्फ्यूशियसच्या बाजूचा? छे. तीन वर्षं सगळे सुतकात बसले तर शेत कोण नांगरणार, हा कन्फ्यूशियसपंथाचा जुना टीकाकार मोत्झ याचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. शिवाय त्साय वोची पाठ फिरल्यावर गुरू त्याला निष्ठुर ठरवतो. तोंडावर म्हणायला काय झालं होतं? ताईनं तसं काही केलं नाही. की केलं असेल?

उपनिषदांत हे नसेल असं नाही. पण ती लहानपणापासून कानावर पडलीत, टोचत नाहीत.

दर पितृपक्षात ताईचा फोन येतो. जेवायला येणार का, एवढंच विचारते. दोनदा गेलो. यंदाचं अजून कळवलेलं नाही.