ग्रिगाल वाऱ्यात माल्टा

फेब्रुवारीत माल्टाला जाऊ नका, असं सगळे सांगतात. हॉटेलं त्या दिवसांत उगीच स्वस्त नसतात. ईशान्येचा वारा सुटला की छोट्या बोटी धक्क्यावरून हलत नाहीत. इथले लोक त्याला ग्रिगाल म्हणतात. मी मुद्दाम तेव्हाच गेलो. येशूचा प्रेषित पौल, कैदी म्हणून रोमला नेला जात असताना त्याचं तारू या बेटाजवळ फुटलं; १० फेब्रुवारीला इथे त्याचा सण असतो, देशभर सुट्टी असते. शिवाय बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७वा अध्याय ज्या वाऱ्याने भरलेला आहे, तो एकदा अंगावर घ्यायचा होता.

घेतला. सेंट पॉल्स बेच्या कठड्याला धरून उभा राहिलो, तर पाचच मिनिटांत चष्म्यावर मिठाचा थर. समोरच्या ओसाड बेटावर पौलाचा पुतळा आहे, एकोणिसाव्या शतकातला. तिकडे जायचं होतं. बोटवाल्याने नुसती मान हलवली. तारू नेमकं इथेच फुटलं का, यावर वाद आहेत. काही जण दुसऱ्या खाडीचं नाव घेतात, तर काही म्हणतात ती जागा माल्टात नव्हतीच. असोत. आडोशाला बसून मी अध्याय पुन्हा वाचला.

चौदावी रात्र. खलाशी पाण्याची खोली मोजायला बुडीद टाकतात तर वीस वाव पाणी, थोडं पुढे पंधरा. खडकावर आदळू या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर सोडतात. तारवात २७६ माणसं. सगळे वाचतील असं देवदूताने पौलाला आधीच सांगितलेलं आहे. तरीही खलाशी नांगर टाकायच्या मिषाने होडी उतरवून पळायला निघतात, तेव्हा हा कैदी शताधिपतीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या रोमी अधिकाऱ्याला म्हणतो, हे थांबले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापून होडी सोडून देतात. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, असं समजणाऱ्यांना मी नेहमी हीच जागा दाखवतो. आणि वचन होतं ते माणसांचं. तारू जाणार, हे पौलाने त्याच दमात सांगून टाकलं होतं. ते गेलंही; माणसं पोहत आणि फळ्यांना धरून किनाऱ्याला लागली.

माल्टातल्याच रबात गावातल्या गुहेत पौल तीन महिने राहिला अशी परंपरा आहे. तीन पोप तिथे प्रार्थना करून गेलेत, २०२२ मध्ये फ्रान्सिस. मी फार वेळ थांबलो नाही. गर्दी होती, आणि गाईडचा आवाज गुहेत घुमत होता.

राजधानी व्हॅलेटातला सण मात्र बघण्यासारखा. गच्च्यांवरून कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडतो आणि खांद्यांवर पौलाचा भलामोठा लाकडी पुतळा डुलत येतो. त्याच्या मनगटाचं म्हणून मानलेलं हाडही त्या चर्चमध्ये आहे. माझ्यासारख्याला अशा गोष्टींपुढे जरा अवघडल्यासारखं होतं, पण त्या लोकांचा आनंद खरा होता.

तिथेच फोनवर मी घरी बोलत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, महाराष्ट्रातले का?" पाठीवर डिलिव्हरीची पेटी, वय पंचविशीच्या आत. मिरवणुकीमुळे रस्ता बंद, म्हणून अडकलेला. हे सगळं कशाचं आहे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, तारवापासून सापापर्यंत. पौल शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता, त्यातून साप निघून हाताला डसला, त्याने तो विस्तवात झटकला आणि त्याला काही झालं नाही.

तो हसला नाही. म्हणाला, "आमची स्कूटर घसरली मागच्या आठवड्यात. मला खरचटलं पण नाही. मित्र मागे बसलेला, त्याची मांडी मोडली. मग देवाने वाचवलं कुणाला?"

माझ्याकडे तयार उत्तरं होती. चर्चमध्ये अशा वेळी जी देतात ती. त्याच्या तोंडाकडे बघून ती द्यावीशी वाटली नाहीत. मी म्हटलं, "माहीत नाही रे. पण त्याला भेटायला येऊ का?"

माल्टात पौलाने काय केलं, हे २८व्या अध्यायात नीट पाहा. एकही प्रवचन लिहिलेलं नाही. काटक्या आहेत, आणि बेटाच्या प्रमुखाचा, पुब्ल्याचा, ताप आणि हगवणीने पडलेला बाप आहे. पौल त्याच्या खोलीत जातो, प्रार्थना करतो, हात ठेवतो. तारवात मात्र तो देवाचं नाव घेऊन सर्वांसमोर स्पष्ट बोलला होता. म्हणजे गप्प राहणारा माणूस नव्हे. साक्ष द्यायची ती दोन्ही प्रकारे, हे मला इथे येऊन जास्त पटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेलो. मित्राचा पाय वजन लावून ताणलेला. मी विचारलं, "प्रार्थना केली तर चालेल? नको असेल तर तसं सांग." तो म्हणाला, "करा की." मी मराठीतच केली, मोजकी. पायासाठी, त्याच्या आईसाठी, नोकरी टिकावी यासाठी, आणि येशूच्या नावाने संपवली. तो आमेन म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आईला अजून कळवलं नाहीये. तुम्हाला कसं कळलं?"

मला काही कळलेलं नव्हतं. आई सगळ्यांनाच असते, म्हणून म्हटलं. तसंच सांगितलंही. मग त्याचा फोन बंद पडलेला निघाला. चार्जर भारतातला, इथले सॉकेट तीन चपट्या पिनांचे. डिलिव्हरीवाल्याला घेऊन मी खाली ॲडॉप्टर शोधायला गेलो.