झोपेत पाखरं पडत कशी नाहीत?

संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या पिंपळावर साळुंक्यांची शाळा भरते. काय तो कलकलाट! अंधार पडला की एकदम चिडीचूप. मग सोबतच्या पोरांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "काका, ही झोपेत खाली पडत कशी नाहीत?" आता मोठी माणसंही विचारायला लागलीत, म्हणून एकदा नीट सांगतो.

कित्येक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. पाखरू फांदीवर बसलं की त्याचा घोटा दुमडतो (आपण ज्याला उलटा गुडघा समजतो, तो खरं तर घोटाच), मागून जाणाऱ्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात आणि बोटं आपोआप आवळतात. कुलूपच म्हणा ना! पोरं खूश, मीही खूश.

मग २०१२ सालचा एक प्रयोग वाचला. स्टार्लिंग म्हणजे साळुंकीचा युरोपातला भाऊबंद. झोपलेल्या स्टार्लिंगची बोटं जेमतेम वाकलेली होती. तो तळव्यावर तोल धरून बसला होता. भूल दिल्यावर तर त्याला फांदीवर बसताच येईना. कुलूप असतं तर बसला असता की! म्हणजे झोपेतही आत कुणीतरी तोल सांभाळत असतं. तेव्हापासून मी कुलपाची गोष्ट सांगणं बंद केलं.

पक्ष्यांची झोप आपल्यासारखी गाढ नसतेच मुळी. १९९९ साली अमेरिकेत चार-चार मॅलार्ड बदकं ओळीत ठेवून पाहिली. मधली बऱ्यापैकी निर्धास्त झोपली. कडेची मात्र बरेचदा अर्ध्याच मेंदूने झोपायची, बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून. जनरल डब्यात दाराशी बसलेला माणूस बॅगेवर एक डोळा ठेवून झोपतो ना, तसंच. पिंपळावरची भांडणंही मधल्या जागेसाठीच असावीत, असा माझा आपला संशय.

गालापागोसचे फ्रिगेट पक्षी समुद्रावर दहा-दहा दिवस उडत राहतात आणि दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपतात, तीही उडता उडता. अंटार्क्टिकातले चिनस्ट्रॅप पेंग्विन अंडी राखताना चार-चार सेकंदांच्या डुलक्या काढतात, दिवसाला दहा हजारांहून जास्त. बेरीज भरते अकरा तासांवर!

आणि आपल्या सह्याद्रीतला लटकन पोपट? चिमणीएवढा हिरवा जीव, झोपतो तोच फांदीला उलटा लटकून. तिथे मात्र पकड लागतेच, तळव्यावर तोल धरून भागत नाही.