तुम्ही विचारलंत म्हणून: उबुंटूच्या अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली, फॉरमॅट करू का?

नका करू. खरं उत्तर एवढंच आहे, पण फोनवर एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

विचारणारे बहुतेक कोथरूड-कर्वेनगरात खोली घेऊन राहणारे विद्यार्थी. मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टला कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड करवणारी प्रणाली) लागतं, म्हणून एनव्हिडियाचं कार्ड असलेला लॅपटॉप घेतलेला, आणि त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. वाक्यही ठरलेलं: "ताई, काल रात्री चालू होतं, आज काहीच दिसत नाही." काहीच नाही असं सहसा नसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारी ओळ आली, तर मशीन व्यवस्थित सुरू झालंय आणि तुमच्या फायली जागच्या जागी आहेत. बिघाड फक्त चित्र काढणाऱ्या भागात आहे. त्यासाठी अख्खी डिस्क पुसायची?

हे होतं का, तर अपडेटमध्ये नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, येतं. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर (ग्राफिक कार्ड चालवणारे प्रोग्राम) कर्नलच्या आतच असतात, त्यामुळे ते बरोबरच बदलतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून मॉड्यूल म्हणून जोडावा लागतो, आणि मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्यालाच बसतं. नवं कर्नल आलं की नव्या मापानं पुन्हा शिवणं आलं. उबुंटूत काही वेळा आयतं शिवलेलं मिळतं, नाहीतर डीकेएमएस नावाची यंत्रणा तुमच्याच मशीनवर बसून ते शिवते. तिला त्या कर्नलचे हेडर, म्हणजे बांधणीसाठीच्या फायली, लागतात. ते नसले, किंवा गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर अपडेट अर्धवट राहिलं, की मॉड्यूल तयारच होत नाही.

म्हणून पहिलं काम: मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (कुठलं कर्नल सुरू करायचं ते विचारणारा) मेनू आणा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि आधीचं कर्नल निवडा. दहातल्या आठ जणांचा जीव इथंच भांड्यात पडतो आणि ते पुढचं ऐकत नाहीत. ऐका. पुन्हा नव्या कर्नलवर जाऊन, कंट्रोल-ऑल्ट-एफ-३च्या पडद्यावर लॉगिन करून 'एलएसपीसीआय -के' द्या (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं). ग्राफिक कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. तिथे नूवो दिसला, तर एनव्हिडियाचं मॉड्यूल चढलेलं नाही. नूवो हा मुळात एनव्हिडियाच्या मदतीवाचून, कार्डाचं वागणं उलगडून लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर. त्यामागच्या चिकाटीला माझा नमस्कार, पण कुडा त्यावर चालत नाही. ती ओळच नसली, तर कुठलाच ड्रायव्हर चढलेला नाही. मग 'डीकेएमएस स्टेटस' बघा, नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' आहे का ते. अपडेट मध्येच तुटलं असेल, तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'नं ते पूर्ण करा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सिक्युअर बूटपाशी. सुरू होताना डिजिटल सही तपासणारी ही सोय चालू असली की सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश दिसला, तर हेच झालंय. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येतो: एमओके मॅनेजमेंट (एमओके म्हणजे ती सही ओळखण्याची तुमच्या मशीनची किल्ली). तो दहा सेकंद थांबतो. विंडोजवर वाढलेली मुलं निळं काही दिसलं की घाबरतात. कुणी हात लावत नाही, कुणी 'कंटिन्यू बूट' निवडतं. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. संधी हुकली, तर 'मोकयूटिल --इम्पोर्ट'नं किल्ली पुन्हा नोंदवता येते. बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा उपाय सगळे सांगतात. पण शेजारी विंडोज असेल आणि त्याची डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल, तर ते रिकव्हरी की मागून बसतं, आणि ती कुठे ठेवलीय हे कुणाला आठवत नाही.

'नोमोडसेट' (सुरू होताना कर्नलला द्यायचा एक शब्द) हा जुना तोडगा एक वेळ आत शिरण्यापुरता ठीक आहे. कायमचा ठेवलात, तर इंटेल-एएमडीच्या मशीनवर सगळं चित्र सीपीयू काढत बसतो, आणि मग "लिनक्स फारच स्लो आहे" म्हणून पुन्हा मलाच फोन. कंपनीच्या साइटवरून डॉट-रन फाइल उतरवून टाकू नका. उबुंटूच्या भांडारातूनच ड्रायव्हर घ्या, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर एकमेकांना धरून राहतात. आणि तापकीर गल्लीतून स्वस्तात जुनं कार्ड आणणार असाल, तर आधी त्याला कुठली ड्रायव्हर मालिका लागते ते बघा. ३९० मालिकेचा आधार २०२२च्या अखेरीस संपला, ३४०चा त्याच्याही आधी.

एनव्हिडियाला शिव्या द्यायच्या तर द्या. लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्सनं २०१२ मध्ये फिनलंडच्या व्यासपीठावर मधलं बोट दाखवून ते काम करून ठेवलंय. २०२२ मध्ये कंपनीनं कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला, ट्यूरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. तरी ते मॉड्यूल अजून बाहेरूनच जोडावं लागतं, म्हणजे वर लिहिलेलं सगळं लागू. कुडाची गरज नसलेल्यांना मी सरळ इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप घ्यायला सांगते.

एवढं करूनही अडलात तर जरूर फोन करा. त्याआधी 'एलएसपीसीआय -के'चं उत्तर पाठवा. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो चालेल, फक्त फ्लॅश बंद ठेवून.