५,९९९ चं सिरॅमिक आणि माझं अर्धं बोनेट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गाळ्यापासून चौथ्या गाळ्यावर फ्लेक्स लागला. ‘सिरॅमिक कोटिंग फक्त ५,९९९. ५ वर्षं वॉरंटी. इंटिरिअर फ्री.’ माझा दर सेडानला १८,०००, वर १८ टक्के जीएसटी. पुण्यात धायरीत आठ वर्षं हेच काम करतोय, गाडीच्या रंगावर पारदर्शक संरक्षक थर चढवायचं. पोरांसमोर हसून विषय उडवला आणि रात्री घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

पहिल्या पंधरवड्यात माझ्याकडे ठरलेल्या तीन गाड्या तिकडे वळल्या. एक काका दरवर्षी दसऱ्याआधी गाडी माझ्याकडेच देतात. तेसुद्धा फोनवर म्हणाले, “अहो, केमिकल सगळ्यांचं तेच ना? मग तुम्ही तिप्पट का घेता?” मी म्हणालो, “क्वालिटी, काका.” फोन ठेवल्यावर वाटलं, चौथ्या गाळ्यावालाही नेमकं हेच म्हणत असणार.

मग मी मूर्खपणा केला. दर ९,९९९ वर आणला.

कोटिंगची बाटली मला ३,२०० ला पडते. पॅड, ओरखडे घासून काढायचं कंपाउंड, मायक्रोफायबर फडकी, पाण्याचा टँकर, लाइटबिल, भाडं यातलं काहीच कमी होत नाही. कमी होतात ते फक्त तास. आधी एका गाडीला दोन पोरं अडीच दिवस द्यायची. धुणं, लोखंडाचे कण काढणं, क्ले बार म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी वडी फिरवणं, मग कंपाउंड, मग पॉलिश, मग अल्कोहोलने पुसून कोटिंग. हे सगळं एका दिवसात बसवायचं ठरलं. पोरं रात्री बारापर्यंत थांबायला लागली, आणि पॉलिशचं हळुवार कापणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन बाजूला पडून रोटरी हातात आली, कारण रोटरी झटपट कापते.

दुसऱ्याच महिन्यात एक काळी सेडान होती. रात्रीचे साडेदहा. मागच्या दाराची जी उभारलेली रेघ असते, तिच्यावर पोराचं मशीन एक-दोन सेकंद जास्त रेंगाळलं. त्याने हाक मारली, “दादा, जरा येता का?” त्या आवाजावरूनच कळलं. पांढऱ्या पॅडवर काळा रंग उतरला होता. क्लिअर कोट म्हणजे कंपनीच्या रंगावरचा पारदर्शक थर, त्याला स्वतःचा रंग नसतो. पॅडवर गाडीचा रंग आला म्हणजे वरचा थर संपला. कंपनीच्या पेंटची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ४०-५०. कडेवर आणि रेघेवर तोही पातळ. दारावर बोटभर लांबीचा मंद पट्टा उमटला होता, उजेडात तिरकं बघितलं तरच दिसेल असा. मालकाला बहुधा कळलंही नसतं.

सकाळी फोन करून सांगितलं. दार माझ्या खर्चाने रंगवून दिलं, ६,५०० गेले. त्यांनी शांतपणे गाडी नेली. परत आले नाहीत. पोराच्या पगारातून मी काही कापलं नाही. घाई माझी होती.

दर पुन्हा १८,००० वर नेला. पण आता ‘क्वालिटी’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं. गाडी आली की बोनेट धुतो, मधोमध टेप लावतो, एक बाजू मशीनने करतो आणि टॉर्च गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. डाव्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे, उजवीकडे काही नाही. वीस मिनिटं जातात. त्यातले निम्मे लोक मग विचारतात, हे ओरखडे आले कुठून? सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीत एकच फडकं बुचकळून पन्नास गाड्या पुसल्या जातात, तिथून. सिंहगड रोडला उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा तर त्या फडक्यात निम्मी वाळूच असायची. पांढरे डाग बोरच्या पाण्याचे, ते उन्हात वाळून क्षार राहतात.

सोबत प्रत्येक पॅनेलचं, रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरचं रीडिंग कागदावर लिहून देतो. आणि एक गोष्ट आधीच सांगतो : कोटिंग खालचे ओरखडे घालवत नाही, आहेत तसे बंद करून टाकतं. त्यामुळे पैसे बाटलीचे कमी आणि बाटली उघडण्याआधीच्या दोन दिवसांचे जास्त. कोटिंगच्या जाहिरातीत ‘९एच’ कडकपणा लिहितात तो काय, हेही सगळे विचारतात. ती पेन्सिलीने ओरखडून बघायच्या चाचणीतली पट्टी आहे. किल्लीने कुणी रेघ मारली तर ती उठणारच.

दिवाळीनंतर ते काका गाडी घेऊन आले, ५,९९९ वाली. चार महिन्यांत चमक गेली होती. बोनेटवर अल्कोहोल फिरवल्यावर सगळे ओरखडे वर आले. म्हणजे ग्लेझ नावाच्या भरावाने बुजवून नुसते झाकले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण काकांना तोंडावर काही बोललो नाही, त्यांना दिसत होतंच.

मात्र एक मान्य करायला हवं. चौथ्या गाळ्यावरची पोरं गाडी धुतात चांगली, माझ्या पोरांपेक्षा दाराच्या फटी नीट पुसतात. आणि दहा वर्षं जुनी हॅचबॅक विकायला काढलेल्या माणसाला १८,००० चं कोटिंग गळ्यात मारणं हा मला पापाचाच प्रकार वाटतो. अशांसाठी मी ४,५०० चं काम सुरू केलं, क्ले बार, एक हात पॉलिश, वर सीलंटचा साधा थर. त्याला कोटिंग म्हणत नाही.

कोटिंगच्या गाड्या महिन्याला अकरा व्हायच्या, आता सात-आठ होतात. बाकीचं ४,५०० वाल्या कामातून निघतं. पोरं सातला घरी जातात.

मागच्या महिन्यात चौथ्या गाळ्यावरचा पोरगा दुपारी आला. “शेठने पेंट मीटर मागितलाय, एक गाडी रिपेंट वाटतेय.” दोन मिनिटं विचार केला. दिला. सहाच्या आत परत आणायच्या बोलीवर. साडेसातला आणून दिला, तोही सेल उतरवून.