ठळक रेघ, तुटक रेघ

रविवार, रात्री

गेला आठवडाभर रोज रात्री जेवणे आटोपली की भूमध्य समुद्राचा मोठा नकाशा पसरून मी ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक संत पौल याच्या प्रवासांचा माग काढीत बसतो. स्वतःपुरता एक नियम केला आहे: ज्या मार्गाला तत्कालीन लिखाणाचा आधार आहे तेथे ठळक रेघ, आणि जेथे केवळ तर्क किंवा परंपरा आहे तेथे तुटक रेघ. पहिल्या तीन फेऱ्यांना फार वेळ लागला नाही, कारण बायबलच्या नव्या करारातला ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ लिहिणारा लूक गावांची नावे क्रमाने देतो. सालांना मात्र एकच भक्कम खुंटा आहे. ग्रीसमधील डेल्फी येथे क्लौद्य या रोमन बादशहाच्या पत्राचा कोरीव लेख तुकड्यांच्या रूपात सापडला, त्यात गल्लियो या सुभेदाराचे नाव आहे, आणि त्यावरून त्याचा करिंथमधील कारभार इ.स. ५१-५२ च्या सुमारास येतो. पौलाला याच गल्लियोपुढे उभे केले गेले होते. बाकीची बहुतेक साले या खुंट्यापासून मागेपुढे मोजलेली आहेत, म्हणून यरुशलेमेतील अटकेचे ५७ हे सालही मी ‘सुमारे’ म्हणूनच लिहितो.

आज कैसरियाहून, म्हणजे अटकेनंतर पौलाला जेथे कैदेत ठेवले त्या बंदरातून, रोमपर्यंतचा मार्ग काढला. दोन वर्षे तुरुंगात काढल्यावर पौलाने नवा सुभेदार फेस्त याच्यापुढे रोमन नागरिकाचा हक्क वापरून थेट कैसराकडे, म्हणजे रोमन बादशहाकडे, दाद मागितली, आणि युल्य नावाच्या शताधिपतीच्या (शंभरेक शिपायांवरच्या अंमलदाराच्या) पहाऱ्यात त्याची रवानगी झाली. मुर्‍या बंदरात त्यांना इटलीला निघालेले आलेक्सांद्रियाचे तारू मिळाले. त्यावर २७६ माणसे होती आणि पोटात गहू होता. क्रेत बेटाजवळ पोहोचेपर्यंत उपासाचा दिवस, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, उलटून गेला होता, असे लूक सांगतो. त्या समुद्रावर सप्टेंबरच्या मध्यानंतरची सफर धोक्याची मानली जाई आणि नोव्हेंबरच्या ११ तारखेपासून समुद्र बंदच समजत. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात न घालणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पौलाने पुढे जाऊ नका म्हणून सांगितले, पण शताधिपतीने तांडेल आणि तारवाचा मालक यांचेच ऐकले. मी त्याच्या जागी असतो तर मीही कैद्यापेक्षा तांडेलावरच विश्वास ठेवला असता.

त्यानंतर ईशान्येचा वारा सुटला आणि चौदा रात्री तारू वाहत गेले. मध्यरात्री जमीन जवळ आल्याची खलाशांना चाहूल लागली, त्यांनी खोली मोजली तेव्हा वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) भरली, थोडे पुढे पंधरा वाव, मग त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. स्वतः शिडाची नाव चालवणाऱ्या जेम्स स्मिथ या स्कॉटिश गृहस्थाने १८४८ मध्ये याचे गणित प्रसिद्ध केले: क्रेतजवळच्या क्लौदा बेटापासून माल्टापर्यंत अशा वाऱ्यात असे तारू वाहत जायला सुमारे तेरा दिवस लागतात. लूकचा हिशेब त्याच्याशी जुळतो. ‘आम्ही’ म्हणत हा वृत्तांत सांगणारा माणूस त्या तारवावर होता, असे मला हे आकडे वाचताना वाटते. ही रेघ मी दोनदा गिरवून ठळक केली.

मंगळवार

माल्टावर तीन महिने, मग सुराकूस, रेगियोन, पुत्युला, आणि तेथून जमिनीवरून रोम. अप्पियाची पेठ रोमपासून ४३ रोमन मैलांवर, म्हणजे जवळजवळ ६४ किलोमीटरवर होती, आणि रोममधले ख्रिस्ती बंधुजन तेथपर्यंत पौलाला सामोरे आले होते. रोममध्ये तो स्वतःच्या खर्चाने भाड्याच्या घरात, एका शिपायाच्या पहाऱ्यात, पूर्ण दोन वर्षे राहिला आणि भेटायला येणाऱ्यांना शिकवीत राहिला. ग्रंथ येथेच संपतो. वीस वाव पाण्याची नोंद ठेवणारा लूक खटल्याचा निकाल सांगत नाही, याची मला थोडी चीडच आली.

पुढचे सारे तुटक. स्पेनला जाण्याची इच्छा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगितली होती, आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममधील ख्रिस्ती मंडळीचा पुढारी क्लेमेंट याने तो ‘पश्चिमेच्या सीमेपर्यंत’ पोहोचल्याचे लिहिले. पण ही सीमा म्हणजे स्पेन की रोम, यावर अभ्यासक भांडतात. मी स्पेनकडे एक अगदी फिकी रेघ काढली. नीरो बादशहाच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला ही परंपरा जुनी आहे, आणि इ.स. २०० च्या सुमारास गायस नावाच्या रोमन ख्रिस्ती लेखकाने ओस्तियाच्या रस्त्यावरील त्याच्या स्मारकाचा उल्लेख केला आहे. त्याच जागी पुढे उभे राहिलेले मोठे चर्च १८२३ मध्ये आगीत जळाले आणि पुन्हा बांधले गेले. वेदीखालच्या दगडी शवपेटीला बारीक छिद्र पाडून काढलेले हाडांचे कण पहिल्या-दुसऱ्या शतकातील असल्याचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये जाहीर केले. कार्बनच्या चाचणीतून वय कळते, नाव कळत नाही, म्हणून तेथे मी केवळ एक ठिपका ठेवला.

गुरुवार, पहाटे

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रामुळे नकाशा पुन्हा उघडावा लागला. हे पत्र पौलाच्याच हातचे की त्याच्या शिष्याचे, याविषयी अनेक अभ्यासकांना शंका आहे. पण त्यातील मागणी अगदी घरगुती आहे: त्रोवसात कार्पाकडे ठेवलेला झगा घेऊन ये, पुस्तकेही आण, विशेषेकरून चर्मपत्रे, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर. तीमथ्य इफिसात होता असे धरले, तर आधी उत्तरेला त्रोवसापर्यंत, मग समुद्र ओलांडून फिलिप्पै, थेस्सलनीका, एग्नातिया या रोमन हमरस्त्याने पश्चिम किनारा, पुन्हा समुद्र, आणि शेवटी अप्पिया मार्गाने रोम, असा तो रस्ता पडतो. समुद्र बंद होण्याआधी पोहोचायचे तर त्याला उन्हाळा सरण्यापूर्वीच झगा खांद्यावर टाकून निघावे लागले असते. ही रेघही तुटकच काढली, पण नकाशावरच्या तुटक रेघांत सर्वांत लांब तीच भरली.